वीस टक्के बदललं की कॉपीराइट सुटतो?

बेळगाव-खानापूर भागात बालवाडीच्या भिंती रंगवणारे पेंटर वर्षानुवर्षं सांगत आलेत, ‘जुनं कार्टून आहे, वीस टक्के बदललं की झालं.’ असा टक्क्यांचा नियम भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कुठेच नाही. उलट, मूळ चित्रात फेरफार करून नवं काढण्याचा हक्कही मालकाचाच. आणि जुनं म्हणजे किती जुनं? चित्राला चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षण असतं. १९२८ चा कृष्णधवल मिकी माऊस १ जानेवारी २०२४ ला मुक्त झाला खरा, पण अमेरिकेत; ट्रेडमार्क, म्हणजे कंपनीची ओळखखूण म्हणून त्यावरचा वेगळा हक्क, तिथंही उरलाच. उन्हात शिडीवर उभं राहून केलेलं काम पुसावं लागू नये, म्हणून कळकळीनं सांगते: लेखी परवानगी घ्या, नाहीतर उसाच्या फडातला आपला उंदीर काढा.