ओपनस्ट्रीटमॅप : खुल्या नकाशाची स्वयंसेवी देखभाल

ओपनस्ट्रीटमॅप (ओएसएम) हा जगाचा खुला भौगोलिक विदासंग्रह, म्हणजे डेटाबेस आहे. रस्ते, पायवाटा, ओढे, इमारती, दवाखाने, विहिरी, सीमा यांची माहिती त्यात स्वयंसेवक भरतात, एकमेकांची तपासतात आणि जुनी झाली की बदलतात. हे काम ज्या एडिटरांतून, म्हणजे नकाशात बदल करण्याच्या सॉफ्टवेअरमधून चालते तेही मुक्त स्रोत असून त्यांचा बराचसा सांभाळ स्वयंसेवकच करतात. नकाशा आणि एडिटर यांच्याबद्दल बहुधा वेगवेगळे लिहिले जाते. प्रत्यक्षात ही दोन्ही कामे एकमेकांत गुंतलेली आहेत. एडिटर जे सहज भरू देतो ते नकाशात भरपूर येते आणि जे भरायला अवघड जाते ते वर्षानुवर्षे राहून जाते.

उगम

ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेचा विदा त्या काळी शुल्क भरून आणि कडक अटी मान्य करूनच वापरता येई. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकणाऱ्या स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये त्याला पर्याय म्हणून हा प्रकल्प सुरू केला. जीपीएस यंत्र घेऊन पायी किंवा सायकलवर फिरायचे, पाट्यांवरची नावे टिपायची आणि घरी येऊन यंत्रातल्या मागावरून रस्ता आखायचा, अशी सुरुवातीची रीत होती. मे २००६ मध्ये आइल ऑफ वाइट या इंग्लिश बेटावर स्वयंसेवकांनी एका शनिवार-रविवारी मिळून रस्ते पालथे घातले. अशा ‘मॅपिंग पार्ट्या’ पुढे अनेक देशांत होऊ लागल्या. त्याच वर्षी ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनची नोंदणी झाली. सर्व्हर, परवाना आणि पैसा हे या संस्थेकडे असते. कोणता रस्ता कसा काढावा यात ती सहसा पडत नाही.

रचना

मूळ घटक तीनच आहेत. नोड म्हणजे अक्षांश-रेखांश असलेला बिंदू. नोड क्रमाने जोडले की वे, म्हणजे रेषा किंवा बंदिस्त आकार तयार होतो. बसमार्ग किंवा जिल्ह्याची हद्द अशा अनेक घटकांनी मिळून बनणाऱ्या गोष्टींसाठी रिलेशन असते. ती गोष्ट नेमकी काय आहे हे टॅग, म्हणजे तिला जोडलेल्या खुणा सांगतात. टॅगांची बंधनकारक यादी नाही. कोणीही नवा टॅग लिहू शकतो. इतरांनी तो उचलला तर रूढ होतो.

या साध्या रचनेत चूक कुठे लपते हे चौकात कळते. पडद्यावर दोन रस्ते एकमेकांना टेकलेले दिसतात, पण त्यांचा सामाईक नोड नसेल तर मार्ग शोधणाऱ्या ॲपच्या लेखी तिथे वळणच नसते आणि ते गाडीला लांबचा वळसा घ्यायला लावते. उड्डाणपुलावर नेमकी उलटी चूक होते. पूल आणि खालचा रस्ता एकमेकांना छेदताना दिसतात म्हणून नवखा माणूस तिथे नोड टाकतो आणि ॲप चालकाला पुलावरूनच खालच्या रस्त्यावर वळायला सांगते. अशा जागी नोड न टाकता तेवढ्या तुकड्याला पूल असल्याचा आणि वरच्या थराचा टॅग द्यावा लागतो.

एडिटर

अशा चुका माणसाच्या नजरेतून सुटतात. चांगला एडिटर त्या पकडतो. जेओएसएम हा एडिटर इमान्युएल शोल्त्स यांनी २००५ मध्ये जावा भाषेत लिहायला घेतला आणि जानेवारी २००६ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली. हवा तेवढा भाग आपल्या संगणकावर उतरवायचा, बदल करायचे आणि मग वर चढवायचे, अशी त्याची पद्धत आहे. चढवण्यापूर्वी त्यातला तपासनीस न जुळलेली टोके, एकावर एक पडलेले नोड, पूल नसताना छेदणारे रस्ते अशा शंका दाखवतो. आपण काम करत असताना दुसऱ्या कोणी तोच रस्ता बदलला असेल तर सर्व्हर आपला बदल नाकारतो. मग जेओएसएम दोन्ही रूपे शेजारीशेजारी मांडून कोणते ठेवायचे ते विचारतो. शिकायला तो जड आहे, हे खरे. पण मोठ्या आणि गुंतागुंतीच्या दुरुस्त्यांसाठी जुनेजाणते संपादक आजही त्याच्याकडेच वळतात.

ब्राउझरमध्ये चालणारा पॉटलॅच रिचर्ड फेअरहर्स्ट यांनी २००७ मध्ये आणला. तो फ्लॅश या जुन्या तंत्रावर उभा होता आणि २०२० च्या अखेरीस फ्लॅशचा आधार संपल्यावर ब्राउझरमधून गेला. त्याची जागा तोवर आयडी (iD) या एडिटरने घेतलेली होती. नाइट फाउंडेशनच्या अनुदानातून मॅपबॉक्स कंपनीने जावास्क्रिप्टमध्ये विकसित केलेला हा एडिटर २०१३ मध्ये प्रकल्पाच्या संकेतस्थळावर आला. संगणकावरून काम सुरू करणारे बहुतेक नवे संपादक पहिली रेषा आयडीमध्येच ओढतात.

फोनसाठी व्हेस्पुची, गो मॅप, एव्हरी डोअर असे एडिटर आहेत, पण कल्पकतेत स्ट्रीटकम्प्लीट सर्वांत सरस वाटतो. तो वापरणाऱ्याला टॅग दाखवतच नाही. रस्त्यावर उभ्या माणसाला तो विचारतो: इथला पृष्ठभाग डांबरी की मातीचा? या ओलांडणीवर अंधांसाठी उठावाच्या फरश्या आहेत का? उत्तर दिले की योग्य टॅग आपोआप लागतो. घरबसल्या कोणाला कळणार नाही अशी माहिती त्यामुळे मोठ्या प्रमाणात नकाशात आली.

एडिटरची देखभाल हे न दिसणारे काम आहे. जावाची नवी आवृत्ती येते, ब्राउझर बदलतात, उपग्रहचित्रांचे पत्ते बंद पडतात, दुकानसाखळ्यांची नावे बदलतात. अशा प्रत्येक गोष्टीसाठी याद्या आहेत आणि त्या कोणी ना कोणी अद्ययावत ठेवत असतो. मराठीसह अनेक भाषांतली भाषांतरेही स्वयंसेवक करतात. भाषांतर व्हायचे राहिलेले वाक्य इंग्रजीतच दिसत राहते.

स्रोत आणि तपासणी

दुसऱ्याच्या नकाशावरून नक्कल करायला सक्त मनाई आहे. स्वतःची पाहणी, परवानगी असलेली उपग्रहचित्रे आणि अनुरूप परवान्याचा विदा एवढेच चालते. २०१२ मध्ये संग्रह ओडीबीएल (ODbL) या खुल्या परवान्याखाली आला, तेव्हा ज्यांनी या बदलाला संमती दिली नाही त्यांचे काम काढून टाकावे लागले. कायद्याबाबतचा हा काटेकोरपणा महागात पडला, पण आज कोणीही हा विदा निर्धास्तपणे वापरू शकतो तो त्यामुळेच.

बदलाला पूर्वपरवानगी लागत नाही. तो लगेच लागू होतो आणि तपासणी मागाहून होते. प्रत्येक जतनाचा एक चेंजसेट बनतो. काय केले आणि कशावरून, हे त्यात लिहिणे अपेक्षित असते. जुने रूप इतिहासात शिल्लक राहते, त्यामुळे नासधूस उलटवता येते. ‘ओएसएमचा’ (OSMCha) आणि ‘ऑस्मोझ’ (Osmose) ही साधने संशयास्पद बदल आणि चुका दाखवतात. वाद चिघळला तर तो फाउंडेशनच्या डेटा वर्किंग ग्रुप या गटाकडे जातो.

आपत्तीच्या वेळी

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला, तेव्हा राजधानी पोर्तोप्रँसचा कामचलाऊ खुला नकाशाही नव्हता. खुली केलेली उपग्रहचित्रे पाहून जगभरच्या स्वयंसेवकांनी काही दिवसांत रस्ते आणि विस्थापितांच्या छावण्या आखल्या आणि मदतपथकांनी तो नकाशा वापरला. त्यातून ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम ही संस्था उभी राहिली. तिचा टास्किंग मॅनेजर प्रदेशाचे चौकोन पाडतो; एक जण चौकोन भरतो, दुसरा तपासतो. नेपाळमध्ये २०१५ च्या भूकंपाआधीच काठमांडू लिव्हिंग लॅब्स या तिथल्या संस्थेने काठमांडू खोऱ्यातल्या शाळा आणि रुग्णालये नोंदवून ठेवली होती. घाईत आखलेल्या रेषांपेक्षा या आधीच्या शांत कामाचे मोल मोठे आहे, कारण इमारतीत दवाखाना आहे की गोदाम हे उपग्रहावरून दिसत नाही.

भारत आणि महाराष्ट्र

२००७ मध्ये एएनडी या डच कंपनीने नेदरलँड्सचे सगळे रस्ते आणि भारत व चीनमधले मुख्य रस्ते प्रकल्पाला दिले. भारताचा सांगाडा त्यातून उभा राहिला; ठिकठिकाणी भरकटलेल्या रेषा स्वयंसेवकांनी पुढे जागेवर आणल्या. सह्याद्रीच्या उतारांवर वेगळीच अडचण येते. डोंगराळ भागात उपग्रहचित्र जागेवरून सरकलेले असू शकते, त्यामुळे घाटातला रस्ता चित्रावरून गिरवला तर तो काही मीटर दरीकडे जातो. आधी जीपीएसच्या मागांशी चित्र जुळवून घेणे आणि मगच आखणे हा त्यावरचा उपाय आहे.

गावाचे मुख्य नाव भारतात बहुधा रोमन लिपीत असते आणि मराठी नाव वेगळ्या टॅगमध्ये. ते भरलेले असेल तरच ऑरगॅनिक मॅप्स, ओएसएमअँड अशा ॲपांत गाव देवनागरीत दिसते. वाड्या, पाडे, तांडे अनेक ठिकाणी अजून निनावी ठिपके आहेत आणि ती नावे त्या गावची माणसेच बिनचूक देऊ शकतात. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, तशा नामांतरातही जुने नाव फेकून देत नाहीत. त्यासाठी स्वतंत्र टॅग आहे.

पैसा आणि अधिकार

ॲमेझॉन, ॲपल, मेटा, मायक्रोसॉफ्ट या कंपन्या हा विदा वापरतात आणि पगारी माणसे लावून तो सुधारतातही. मेटाचा रॅपिड हा एडिटर आयडीवरूनच बेतलेला असून उपग्रहचित्रांतून यंत्राने ओळखलेले रस्ते तो संपादकापुढे ठेवतो. ते डोळे झाकून स्वीकारले की ओढ्याचे कोरडे पात्रही रस्ता म्हणून नोंदले जाऊ शकते.

मात्र सर्वांत तीव्र वाद झडले ते आयडीतल्या तयार पर्यायांवरून. कोणता टॅग सुचवावा आणि कोणता जुना म्हणून बदलायला सांगावा, हे मोजके विकासक ठरवत आणि त्यांचा निर्णय हजारो संपादकांच्या हातून जगभर पसरत असे. त्यानंतर हे पर्याय एडिटरपासून वेगळ्या, सर्वांना सूचना करता येतील अशा संग्रहात ठेवले गेले आणि फाउंडेशनने अशा तंट्यांसाठी एक समिती नेमली. २०२१ पासून आयडीच्या विकासकाला फाउंडेशन मानधन देते. जेओएसएमचा भार अजून मुख्यतः स्वयंसेवकांवर आहे.