देव आधी की प्रेत आधी?

कादंबरीसाठी किंवा खेळासाठी नवं कल्पित जग रचणाऱ्याची वही उघडली की पहिल्या पानावर नकाशा असतो आणि दुसऱ्यावर देवांची यादी. एक समुद्राचा, एक युद्धाचा, एक प्रेमाचा, एक मरणाचा. चांगल्यांसाठी वर एक लोक, वाइटांसाठी खाली एक. मंत्रिमंडळाचं खातेवाटप व्हावं तसा धर्म तयार होतो, आणि पुढची तीनशे पानं एकही पात्र त्याच्याकडे ढुंकून बघत नाही.

ही सवय माझ्या मते धर्मांतून आलेली नाही, धर्मांच्या गाइडांतून आली आहे. थॉमस बुलफिंच यांचं पुराणकथांचं पुस्तक १८५५ मध्ये निघालं, एडिथ हॅमिल्टन यांचं १९४२ मध्ये. इंग्रजी वाचणाऱ्या कित्येक पिढ्यांना ग्रीक देव भेटले ते अशा पुस्तकांतून. तिथे प्रत्येक देवाला एक खातं देणं सोयीचंच होतं. प्रत्यक्ष ग्रीसमध्ये मात्र आकाशातला तोच झ्यूस मैलिखिओस या नावाने नागरूपातही पुजला जाई, आणि इफिससची आर्टेमिस कथेतल्या कुमारी शिकारिणीशी फारशी जुळत नसे. माणसं खात्याकडे जात नव्हती, आपल्या गावच्या देवाकडे जात होती.

आधुनिक फँटसीत स्वतःचं अख्खं देवमंडळ रचण्याचा मान साधारणपणे आयरिश लेखक लॉर्ड डनसेनी यांना देतात. त्याच्या शंभरेक वर्षं आधी इंग्रज कवी विल्यम ब्लेकने स्वतःची दैवतं निर्माण केली होती, पण ती त्याच्या भविष्यवाणीची पात्रं होती. डनसेनींनी १९०५ साली पदरचे पैसे घालून ‘द गॉड्स ऑफ पेगाना’ छापलं. त्यात सर्व देवांचा कर्ता झोपलेला आहे आणि स्कार्ल नावाचा वादक अखंड ढोल वाजवतो आहे. ढोल थांबला की कर्ता जागा होणार, आणि देवांसकट सगळी जगं संपणार. या प्रलयाला कुणाचं पाप कारण नाही. स्कार्लचा हात अधूनमधून दमतो, एवढंच आपल्याला कळतं. मला त्याहून मोलाची वाटते ती एक बारीक गोष्ट: काही म्हणतात सगळी जगं म्हणजे या ढोलाचे पडसाद, काही म्हणतात ती निजलेल्याची स्वप्नं. पहिल्याच पुस्तकात धर्मशास्त्राचं भांडण सुरू झालं होतं. नंतर नक्कल करणाऱ्यांनी नावं उचलली आणि भांडण तिथेच सोडून दिलं.

दोनच वर्षांनी, १९०७ मध्ये, पॅरिसमध्ये रॉबेर हर्त्झ या तरुण अभ्यासकाने मृत्यूवर एक दीर्घ निबंध लिहिला. तो बोर्निओ बेटावर गेलेला नव्हता; तिथल्या दायाक लोकांबद्दलची वर्णनं त्याने वाचून काढली होती. दायाकांमध्ये प्रेत आधी तात्पुरतं ठेवत. मांस गळून हाडं कोरडी झाली की मोठं जेवण घालून दुसरा, खरा अंत्यविधी करत. मधल्या काळात आत्मा कुठे? ना इथला ना तिथला, वस्तीच्या आसपास भटकणारा आणि जरासा धोकादायक. हर्त्झचं म्हणणं असं की प्रेताची अवस्था हीच आत्म्याची अवस्था. देह कुजतो आहे तोवर आत्मा वाटेवर आहे. हाडं स्वच्छ झाली की तो पितरांत पोचला. म्हणजे परलोकाचा नकाशा प्रेताशेजारी बसून काढलेला आहे. हर्त्झ १९१५ मध्ये पहिल्या महायुद्धात मारला गेला, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. कल्पित जगं रचणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्याला वाचलं असेल.

परलोकाला नीतीचा हिशेब लागतोच असंही नाही. गिल्गामेश राजाच्या प्राचीन सुमेरी कथेत त्याचा सोबती एनकिडू पाताळातून येऊन तिथली हालहवाल सांगतो. एक मुलगा असलेला मेलेला माणूस रडतो आहे. दोन मुलं असलेला दोन विटांवर बसून भाकरी खातो आहे. सात मुलं असलेला देवांच्या पंक्तीला आहे. आणि ज्याच्या मागे नैवेद्य ठेवणारं कुणीच नाही, तो भांड्याची खरवड आणि रस्त्यावर फेकलेले तुकडे खातो आहे. कोण सज्जन, कोण दुर्जन हा प्रश्न या यादीत विचारलेलाच नाही. मागे कोण उरलं, एवढंच बघितलं आहे. त्या समाजाला कशाची धास्ती होती हे दहा पानं इतिहास वाचूनही इतकं कळणार नाही.

टोल्किन यांनी १९३९ च्या व्याख्यानात अशा जगांना उपसृष्टी, म्हणजे देवाच्या सृष्टीत माणसाने रचलेली सृष्टी, म्हणून मान मिळवून दिला, पण ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या त्यांच्या मुख्य कादंबरीत देवळं, पुरोहित, पूजा जवळपास नाहीत. ते स्वतः श्रद्धाळू कॅथलिक. १९५३ च्या एका पत्रात त्यांनी लिहिलं आहे की पंथ आणि कर्मकांड आपण गाळलं, कारण धर्म कथेतच मुरलेला आहे. त्यांच्या जगात एल्फ ही दीर्घायुषी जमात मेली तरी जगाच्या आतच राहते. माणसं जगाबाहेर जातात, कुठे ते जगाचा कारभार पाहणाऱ्या देवतांनाही ठाऊक नाही. या न कळण्यातूनच न्यूमेनॉर या माणसांच्या बेटावरच्या राज्याची गोष्ट निघते. १९७७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर छापलेल्या ‘द सिल्मरिलियन’मध्ये ती आहे. मरणाच्या भीतीने तिथले लोक आधी थडगी सजवतात, मग चांदीच्या घुमटाचं मंदिर बांधतात आणि मरणातून सुटका मागत त्यात माणसं बळी देतात. तो घुमट दुरून चमकायचा. थोड्याच दिवसांत धुराने काळा पडला. देव मानणाऱ्या लेखकाने देऊळ इतक्या बारकाईने रंगवलं ते असं.

मग कल्पित जगात एखादं पात्र होऊन खेळायचे खेळ आले. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ चा. १९७६ च्या त्याच्या देवांवरच्या पुरवणीत प्रत्येक देवापुढे तो किती मार सोसतो याचा आकडा छापला होता, आणि आकडा दिसला की खेळाडू मारायला निघणारच. १९७८ च्या नियमपुस्तकात पात्रांच्या नऊ नैतिक कलांप्रमाणे परलोकांचं चक्र मांडलं. परलोक पक्का, पत्ता ठरलेला, वर जाऊन परत येण्याची सोय. मेलेल्याला उठवण्याचा मंत्र २०१४ च्या आवृत्तीत ५०० सुवर्णनाण्यांच्या हिऱ्यावर चालतो. अशा जगात श्रद्धा कशाला लागेल? आणि हिरा नसलेल्या घरात शोक कसा करतात? नियमपुस्तक दोन्ही प्रश्न सोडून देतं. आज वहीच्या दुसऱ्या पानावर येणारी यादी ग्रीसपेक्षा या पुस्तकांची जास्त ऋणी आहे.

त्याच काळात खेळ रचणारे ग्रेग स्टॅफर्ड वेगळ्या वाटेने चालले होते. ग्लोरान्था हे जग ते १९६६ पासून लिहीत होते. १९७८ मध्ये त्यावर ‘रूनक्वेस्ट’ हा खेळ निघाला. पुढच्या वर्षीच्या ‘कल्ट्स ऑफ प्रॅक्स’मध्ये देवांऐवजी पंथ मांडले आहेत, आणि प्रत्येक पंथाखाली ठरलेली शीर्षकं आहेत. त्यात मरणोत्तर जीवन आहे, समाजातलं स्थान आहे, आणि एक शीर्षक असं की हा पंथ अजून टिकून का आहे. हा प्रश्न विचारायला सुचणं हेच मोठं काम. समुद्राचा देव आहे म्हणून त्याचा पंथ असतो, हे उत्तर तिथे चालत नाही. कुणाचं काहीतरी त्यावाचून अडत असावं लागतं.

कादंबरीकार उर्सुला ले ग्विन यांनी तर आपल्याच कादंबरीतला परलोक तपासायला घेतला. १९७२ च्या ‘द फार्देस्ट शोर’मध्ये एक बुटकी दगडी भिंत आहे आणि तिच्यापलीकडे कोरडा प्रदेश. तिथे मेलेली माणसं अंधाऱ्या शहरांत वावरतात. प्रेमापायी जीव दिलेली माणसं रस्त्यात एकमेकांजवळून ओळख न देता निघून जातात. हे वर्णन वाचकांनी त्या जगाचा नियम म्हणून मान्य केलं होतं. २००१ च्या ‘द अदर विंड’मध्ये कळतं की हा निसर्गनियम नव्हताच. अमरपणाच्या लोभाने प्राचीन माणसांनी ड्रॅगनांच्या वाट्याचा प्रदेश बळकावला आणि भिंत घातली. शेवटी जिवंत आणि मृत मिळून ती भिंत पाडतात. परलोक कुणीतरी केलेला असतो, त्याला तारीख असते, हे तिथे कथानकच होऊन येतं.

त्याच वर्षी लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांची ‘द कर्स ऑफ चॅलिऑन’ ही कादंबरी आली. पाच देवांच्या त्या जगात अंत्यविधीला पाच पवित्र प्राणी आणतात आणि कुठला प्राणी प्रेतापाशी कसा वागतो यावरून आत्मा कुणी पदरात घेतला ते ठरवतात. मोठ्या शहरांतल्या मंदिरांकडे यासाठी देखणे प्राणी असतात. खेड्यातल्या पुरोहिताला ते कुठले परवडणार? तो पिशवीत मांजरीची पिल्लं घेऊन येतो, गळ्यात पाच रंगांच्या फिती बांधून. शेजारच्या रोकनारी लोकांत मासे वापरतात, रंगाने खुणा केलेले. पण चारच रंगांचे. पाचवा देव त्यांना मान्य नाही.