डोहाळे

गर्भारपणात स्त्रीला विशिष्ट पदार्थ खाण्याची जी तीव्र इच्छा होते तिला डोहाळे म्हणतात. एरवी आवडीने खाल्लेल्या पदार्थाची किंवा नुसत्या वासाची शिसारी येणे, अन्नावरची वासना उडणे, ही त्याच अवस्थेची दुसरी बाजू होय. महाराष्ट्रात चिंच, कैरी, आवळा अशा आंबट पदार्थांचे डोहाळे सर्वपरिचित आहेत; नकोसे होते ते बहुधा फोडणीचा वास, चहा, मासे, मटण.

आयुर्वेदाने डोहाळे ही गर्भाची इच्छा मानली. सुश्रुतसंहितेनुसार चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, त्यामुळे दोन हृदये धारण करणाऱ्या त्या स्त्रीला दौहृदिनी म्हणावे आणि तिच्या इच्छा पुरवाव्यात, अन्यथा अपत्य कुबडे, खुजे किंवा मंद निपजते. ही भीती निराधार असली, तरी तिच्यामुळे सासरी सहसा न विचारल्या जाणाऱ्या सुनेच्या आवडीनिवडीला काही महिने का होईना मान मिळाला असावा. चरकसंहितेचा सल्ला अधिक व्यवहारी आहे : इच्छा फारच तीव्र असेल, तर अहितकर पदार्थही हितकर पदार्थाबरोबर मिसळून द्यावा. पुढे लोकाचारात या कोडकौतुकाला सातव्या महिन्यातील डोहाळजेवणाचे रूप आले. हिरवी साडी, फुलांची वाडी, ओटी आणि झाकलेल्या वाट्यांतून पेढा निघतो की बर्फी यावरून मुलगा-मुलगी ओळखण्याचा खेळ हे त्याचे ठळक विशेष होत.

मळमळ व नावड साधारणपणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते आणि बहुतेकींच्या बाबतीत चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत ओसरते. मांसाहारासारख्या लवकर दूषित होणाऱ्या अन्नापासून या काळात गर्भाचे रक्षण व्हावे म्हणून ही नावड उत्पन्न होते, असे एक अनुमान आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, गर्भ व वार (प्लॅसेंटा) यांतून आईच्या रक्तात येणाऱ्या जीडीएफ-१५ या संप्रेरकाचा मळमळ-उलट्यांशी कारणसंबंध दिसून आला. म्हणजे गर्भाचा हात असलाच, तर तो हव्याशा वाटण्यापेक्षा नकोशा वाटण्यात अधिक स्पष्ट दिसतो. शरीराला ज्याची उणीव असते तेच खावेसे वाटते, या लोकप्रिय समजुतीला मात्र भक्कम आधार नाही. गोड, खारट, तळकट पदार्थांचेही डोहाळे सर्रास लागतात आणि काय खावेसे वाटते ते समाजासमाजानुसार बदलते.

माती, खापराचे तुकडे, पाटीवरची पेन्सिल, कोळसा, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खावासा वाटणे ही वेगळी बाब होय. कालिदासाच्या रघुवंश या महाकाव्यात गर्भवती राणी सुदक्षिणेच्या मुखाला माती खाल्ल्याने तिचा गंध येतो, आणि बाजारात आजही भाजकी माती विकत मिळते. वैद्यक अशा ओढीचा संबंध अनेकदा लोहाच्या कमतरतेशी जोडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) भारतातील ५२.२ टक्के गर्भवतींना रक्तक्षय असल्याने हे डोहाळे कौतुकाने पुरवण्याऐवजी हिमोग्लोबिन तपासून घेणे आवश्यक ठरते. मातीतून शिसे व जंतांची अंडी पोटात जाऊ शकतात. लोहाची भर पडू लागली की ही ओढ पुष्कळदा आपोआप कमी होते.