प्लेटोच्या पुस्तकांचे पानक्रमांक कुठून आले?

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मधल्या गुहेच्या रूपकाचा दाखला द्यायचा असला की अभ्यासक फक्त ‘रिपब्लिक ५१४ए’ एवढे लिहितो. हातातले पुस्तक मूळ ग्रीक आहे की कुठल्या भाषेतला अनुवाद, कोणत्या प्रकाशनाचे, कोणत्या सालचे, याने काही अडत नाही. समासात ५१४ छापलेले असते आणि वाचक नेमक्या जागी पोचतो. अ‍ॅरिस्टॉटलचे ‘निकोमाखियन एथिक्स’ याच रीतीने जगभर १०९४ए पासून सुरू होते, आणि प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ हेराक्लिटसचे नदीचे वचन (त्याच नदीत उतरणाऱ्यांवर सतत वेगळे पाणी वाहत येते) ‘डीके २२ बी १२’ म्हणून ओळखले जाते. तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी हे आकडे वर्षानुवर्षे वापरतात, पण ते ठरवले कुणी हे शिकवले जात नाही. ते शिकवायला हवे, कारण यातल्या प्रत्येक आकड्यात एका संपादकाचा निर्णय दडलेला आहे.

छपाईपूर्वी असे आकडे शक्यच नव्हते. हाताने उतरवलेल्या दोन पोथ्यांची पाने कधी सारखी येत नाहीत. प्लेटोची आज सर्वांत महत्त्वाची मानली जाणारी एक प्रत इ. स. ८९५ मध्ये योहान्नेस नावाच्या लेखनिकाने अरेथास या बायझंटाइन धर्माधिकाऱ्यासाठी तयार केली. तिचा खर्चही तिच्यातच नोंदवला आहे: लिहिण्याचे १३ सुवर्णनाणी, चर्मपत्राचे ८. ही प्रत पुढे पात्मोस बेटावरच्या मठात होती. १८०१ मध्ये एडवर्ड क्लार्क या इंग्रज प्रवाशाने ती मिळवली आणि आता ती ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. पश्चिम युरोपात प्लेटो आधी लॅटिनमधून पोचला. मार्सिलियो फिचिनोचा संपूर्ण अनुवाद १४८४ मध्ये फ्लॉरेन्सला छापला गेला, आणि मूळ ग्रीक संहिता १५१३ मध्ये व्हेनिसला आल्दुस मानुतियुसच्या छापखान्यातून बाहेर पडली.

आज वापरात असलेले क्रमांक मात्र १५७८ च्या जिनिव्हा आवृत्तीचे आहेत. मुद्रक होता आंरी एस्तियेन. विद्वानांच्या लॅटिनमध्ये स्तेफानुस. ही आवृत्ती तीन भव्य खंडांची. पानावर दोन रकाने, एकात ग्रीक, दुसऱ्यात जाँ द सेर याने केलेला लॅटिन अनुवाद, आणि मधल्या पट्टीत ए ते ई ही अक्षरे. म्हणजे प्रत्येक पानाचे पाच भाग. पहिला खंड इंग्लंडची राणी एलिझाबेथ हिला, दुसरा स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याला आणि तिसरा बर्नच्या प्रजासत्ताकाला अर्पण केलेला आहे.

मजकुराला क्रमांक देण्याचे वळण या घराण्यात आधीपासून होते. आंरीचे वडील रोबेर यांनी १५५१ मध्ये ग्रीक ‘नव्या करारा’ला वचनांचे क्रमांक दिले आणि बायबलमध्ये आजही तेच चालतात. पॅरिसहून लिआँला जाताना वडिलांनी हे काम वाटेत घोड्यावरून केले, अशी आठवण आंरीनेच लिहून ठेवली आहे. स्वतः आंरीच्या वाट्याला मात्र कर्ज आले. १५७२ मध्ये त्याने पाच खंडांचा ग्रीक भाषेचा महाकोश काढला. आयुष्याची कमाई त्यात गेली. त्याच्याच हाताखाली काम केलेल्या योहान स्कापुलाने थोड्याच काळात त्या कोशाची स्वस्त, आटोपशीर आवृत्ती बाजारात आणली आणि मूळ कोशाचा खप बसला. १५९८ मध्ये लिआँच्या एका रुग्णालयात आंरी वारला. ग्रीकचा आजचा प्रत्येक अभ्यासक या माणसाचा ऋणी आहे, आणि त्याचे नाव फार थोड्यांना माहीत असते, याची मला खरोखर खंत वाटते.

प्लेटोचे बहुतेक ग्रंथ संवादरूपात आहेत. १५७८ च्या आवृत्तीत या संवादांचा क्रम द सेर याने स्वतः लावला होता, विषयांप्रमाणे सहा गट करून. हस्तलिखितांतला जुना क्रम वेगळा आहे. सम्राट टायबेरियसच्या दरबारातल्या थ्रासिलुसचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे आणि त्यात चार-चार संवादांचे नऊ गट आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन बर्नेट यांनी ऑक्सफर्डसाठी प्लेटोची संहिता सिद्ध केली तेव्हा ते या जुन्या क्रमाकडे परतले, पण समासातले आकडे एस्तियेनचेच ठेवले. म्हणून त्यांच्या पहिल्या खंडात ‘फायदो’ ११८ वर संपतो आणि लगेच ‘क्रॅटिलस’ ३८३ वर सुरू होतो; त्यानंतरचा ‘थीटेटस’ एकदम १४२ वर. एस्तियेनच्या प्रत्येक खंडाची पाने नव्याने मोजलेली असल्याने ‘अपॉलॉजी’ही १७ए पासून सुरू होते आणि ‘टिमेयस’ही. संवादाचे नाव न देता नुसता आकडा लिहिणे म्हणूनच चूक ठरते. आज कुणी ‘५१४ए२’ असे लिहिले, तर शेवटचा २ हा बर्नेट यांच्या ओळींचा असतो. एका दाखल्यात जिनिव्हा आणि ऑक्सफर्ड असे एकत्र नांदतात.

अ‍ॅरिस्टॉटलचे आकडे बर्लिनचे. प्रशियाच्या विज्ञान अकादमीने तत्त्वज्ञ श्लायरमाखर यांच्या पुढाकाराने हे काम हाती घेतले आणि इमानुएल बेकर यांच्याकडे सोपवले. युरोपभरच्या ग्रंथालयांत जाऊन त्यांनी हस्तलिखिते ताडून पाहिली, आणि १८३१ मध्ये ग्रीक संहितेचे दोन खंड निघाले: सलग १४६२ पाने, ए आणि बी असे दोन रकाने, ओळींना आकडे. १८७० मध्ये आलेल्या पाचव्या खंडात हेर्मान बोनित्स यांची शब्दसूची आहे, आणि तिच्यातला प्रत्येक दाखला याच पानांकडे नेतो. माझ्या मते बेकर यांचे क्रमांक टिकले ते या सूचीमुळेच. त्यांची संहिता स्वतः फार टिकली नाही. ‘मेटाफिजिक्स’चे व्हिएन्नामधले नवव्या शतकातले हस्तलिखित त्यांच्या नजरेतून सुटले. पुढे १९२४ मध्ये रॉस यांनी आणि १९५७ मध्ये येगर यांनी त्या ग्रंथाची संहिता नव्याने सिद्ध केली. पाठ बदलले, क्रमांक तेच राहिले.

१८९१ मध्ये एक ग्रंथ या व्यवस्थेच्या बाहेरून आला. इजिप्तमधल्या शेतीच्या हिशेबांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेली ‘अथेन्सची राज्यघटना’ ब्रिटिश म्युझियमसाठी फ्रेडरिक केन्यन यांनी प्रसिद्ध केली. बेकर यांच्या पानांत तिला जागाच नव्हती, म्हणून ती आजही प्रकरणांच्या क्रमांकाने उद्धृत होते.

याच परंपरेचा एक धागा पुण्यात येतो. जर्मनीत तयार झालेले फ्रान्त्स कीलहॉर्न १८६६ ते १८८१ या काळात डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. पतंजलीच्या महाभाष्याची त्यांची आवृत्ती मुंबईहून तीन खंडांत निघाली आणि १८८५ पर्यंत पुरी झाली. जगातला कोणताही वैयाकरण आजही महाभाष्याचा दाखला कीलहॉर्न यांचा खंड, पान आणि ओळ सांगूनच देतो. आपल्याकडे गाथेच्या दोन आवृत्त्यांत तुकोबांचा एकच अभंग शोधताना ज्याची दमछाक झाली आहे, त्याला अशा सामाईक आकड्याची किंमत वेगळी सांगायला नको.

सॉक्रेटिसपूर्व तत्त्वज्ञांच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर होतो, कारण त्यांचा एकही ग्रंथ पूर्ण उरलेला नाही. जे आहे ते नंतरच्या लेखकांनी दिलेल्या अवतरणांत. हेर्मान डील्स यांनी १९०३ मध्ये ते सारे गोळा केले, आणि वाल्टर क्रान्त्स यांनी पुढे त्याची सुधारित आवृत्ती काढली. दोघांच्या आद्याक्षरांवरून ‘डीके’; २२ हा त्यातला हेराक्लिटसचा क्रमांक. त्यात ‘ए’ म्हणजे इतरांनी दिलेली माहिती आणि ‘बी’ म्हणजे तत्त्वज्ञाचे स्वतःचे शब्द. ही रेघ कुठे ओढायची हे डील्स यांनी ठरवले. हेराक्लिटसच्या वचनांचा मूळ क्रम सापडणे अशक्य, असे त्यांचे मत होते. म्हणून आरंभीची दोन वचने सोडली तर बाकीची त्यांनी ती उद्धृत करणाऱ्या लेखकांच्या नावांनुसार वर्णक्रमाने लावली. १४ ते ३६ क्लेमेंट या ख्रिस्ती लेखकाकडून, ५० ते ६७ हिप्पोलिटस या दुसऱ्या ख्रिस्ती लेखकाकडून. नदीचे वचन १२, ४९ए आणि ९१ अशा तीन ठिकाणी विखुरले आहे. तिन्ही ‘बी’मध्ये आहेत, पण हेराक्लिटसचे खरे शब्द बहुधा बारावे, असे बरेच अभ्यासक मानतात. ज्याला हा वर्णक्रम ठाऊक नाही, तो पहिल्यापासून वाचत जातो आणि त्या क्रमात विचारांची सांगड शोधत बसतो.

२०१६ मध्ये आंद्रे लाक्स आणि ग्लेन मोस्ट यांनी नऊ खंडांत हे साहित्य पुन्हा मांडले. जुनी दुहेरी विभागणी सोडून त्यांनी व्यक्ती, सिद्धान्त आणि पुढच्या काळातला स्वीकार असे तीन भाग केले आणि सॉक्रेटिसलाही त्यात घेतले. ‘बी’ म्हणजे अस्सल, हा शिक्का त्यामुळे निघाला, आणि हेराक्लिटसची वचने विषयांनुसार जवळ आली. नवे क्रमांक दिले, तरी शेजारी कंसात डील्स-क्रान्त्स यांचा जुना आकडाही छापला, कारण शतकभराचे सगळे संशोधन त्या आकड्यांच्या आधारानेच लिहिलेले आहे.