सोमरस म्हणजे दारू नव्हे

"सोमरस म्हणजे देवांची दारू" हा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय, आणि पौराणिक मालिकांत सोन्याचे पेले दिसतात म्हणून तो पटतोही. पण ऋग्वेदाचं नववं मंडल बघा, ११४ सूक्तं, जवळपास सगळी सोमावरच, आणि त्यात कृतीच सापडते, वनस्पती दगडांनी कुटायची, रस मेंढीच्या लोकरीतून गाळायचा, मग दूध नाहीतर दही घालायचं. यज्ञात हा रस सकाळ, दुपार, संध्याकाळ काढून त्याच दिवशी संपवायचे, मग आंबायला वेळ कुठे मिळणार? मद चढायचा हे सूक्तं सांगतातच, पण तो आंबवल्यामुळे नव्हता. दारूला वेगळी सुरा होतीच, सातव्या मंडलातल्या ८६व्या सूक्तात ती पापाच्या कारणांत मोजलीये. मराठी भाषांतर काढून या दोन्ही जागा वाचाच. मूळ वनस्पती कुठली यावर मात्र अभ्यासकांचं अजून एकमत नाही.