ट्रॅक डबल करणं म्हणजे नेमकं काय: कॉपी सरकवणं की दोनदा गाणं?

"ट्रॅक डबल करून टाक, आवाज फाकतो" असं कोणी सांगितलं की पहिले विचारा भौ, कोणतं डबल. कारण ह्या एका शब्दात दोन वेगळे प्रकार कोंबलेले आहेत. एकात तीच क्लिप कॉपी-पेस्ट करायची, एक डावीकडे एक उजवीकडे टाकायची आणि एकीला थोडं मागे सरकवायचं, ह्याला लोक हास इफेक्ट म्हणतात. दुसऱ्यात माणसाला परत माईकसमोर बसवून तेच परत गाऊन किंवा वाजवून घ्यायचं, हे खरं डबल ट्रॅकिंग. इअरफोन घालून ऐकलं तर दोन्ही मस्त रुंद वाटतात, म्हणून तर गफलत होते. माझीही झाली.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गावच्या मंडळाचं खंजिरी भजन घरी रेकॉर्ड केलं. एक कंडेन्सर माईक, माईक लॅपटॉपला जोडायचं छोटं इंटरफेस, लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. खोलीत अर्ध्या भिंतीपर्यंत कापूस भरलेला, भाव वाढायची वाट बघत, ते दुखणं वेगळंच, पण त्या कापसाचा एक फायदा की खोली अजिबात घुमत नाही, फोम विकत आणायची गरज नाही. फक्त आवाज इतका कोरडा येतो की अख्खं मंडळ कपाळाच्या मधोमध टिकलीएवढ्या जागेत दाटीवाटीनं बसल्यासारखं वाटते. मग मी काय केलं, खंजिरी, पेटी, मागून म्हणणारे, सगळ्यांच्या कॉप्या काढल्या न १० मिलिसेकंद सरकवून दिल्या. हेडफोनमध्ये एकदम भारी! दोन दिवस स्वतःवरच खूश होतो. मग सप्ताहात ते भोंग्यावर लावलं आणि खंजिरीवाले काका बसल्या जागेवरून म्हणाले, "काहून रे बापू, माही खंजिरी डब्यात घालून वाजवली काय?"

आता हे काहून झालं ते बघू. आधी एक साधी गोष्ट, कॉपी न सरकवता नुसती डावी-उजवीकडे टाकली तर काहीच रुंद होत नाही, दोन्ही कानात तेच ते पोचते म्हणून आवाज मधेच राहते, फक्त मोठा होतो, आणि मोठा झाला की आपल्याला वाटते सुधारला. रुंदीसाठी दोन्ही कानात काहीतरी फरक पाहिजे. सरकवल्यावर तो फरक वेळेचा असतो. हेल्मुट हास ह्या जर्मन संशोधकानं १९४९ च्या आपल्या प्रबंधात हेच तपासलं होतं, की तोच आवाज थोड्या उशिरानं दुसऱ्या बाजूनं आला तर कान त्याला वेगळा धरत नाही, दोन्ही मिळून एकच समजतो आणि दिशा पहिले पोचलेल्याची पकडतो. उशिरानं आलेला जवळपास १० डेसिबलनं मोठा असला तरी. बोलण्याच्या आवाजाला ३०-३५ मिलिसेकंदांच्या पुढं गेलं की मग एको ऐकू यायला लागते, खंजिरीच्या कडक थापेला त्याच्या खूप आधीच. म्हणून हास लावलेला ट्रॅक रुंद वाटला तरी न सरकवलेल्या बाजूला झुकतो, ती बाजू थोडी कमी करावी लागते, हे बरेच जण विसरतात.

खरा घोळ मोनोत होतो. भोंगा मोनो, गावातले बहुतेक मंडपाचे साउंड मोनोतच जोडलेले, स्वस्त मोबाईलला एकच स्पीकर. तिथं डावं-उजवं एकत्र होते, म्हणजे तोच आवाज स्वतःच्याच उशिरा आलेल्या कॉपीत मिसळतो, आणि काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खाऊन टाकतात. १० मिलिसेकंद सरकवलं तर ५०, १५०, २५०, ३५० हर्ट्झ असे दर १०० वर खड्डे पडतात, मधल्या १००, २००, ३०० ला उंचवटे, ग्राफ काढला तर फणीचे दात दिसतात, म्हणून त्याला कोम फिल्टर (इंग्रजीत comb म्हणजे फणी) म्हणतात. पेटीवर हे लय वाईट लागते. मधल्या सप्तकातल्या पांढरी एकच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी साधारण २४७ हर्ट्झची, तिचा मूळ सूर बरोब्बर खड्ड्यात, जवळपास गायब. आणि पांढरी दोन २९४ हर्ट्झची, ती उंचवट्यावर, दणदणीत. म्हणजे वाजवणाऱ्यानं भाता सारखाच हलवला तरी एक सूर दबलेला न एक बोंबलणारा. माणसाला वाटते पेटीच बिघडली.

डबल ट्रॅकिंगमध्ये असं काहून होत नाही? कारण दुसऱ्यांदा गाताना माणूस कुठं जरा आधी येतो, कुठं मागं राहते, सूर केसाएवढा हलतो, आणि हा फरक क्षणाक्षणाला बदलत असतो, त्यामुळे ठराविक जागी कायमचे खड्डे पडतच नाहीत. मोनोत आणलं तर दोन जण मिळून म्हणताहेत असं ऐकू येते, आणि भजनात तेच तर पाहिजे! दोन बाजूंना भोंगे स्टिरिओत लावले तरी एका बाजूच्या लोकांना एक पूर्ण टेक, म्हणजे एका वेळचं अख्खं रेकॉर्डिंग, ऐकू येतोच, त्यांचं काही हुकत नाही.

पण फुकट काही नाही. दुसरा टेक ढिला आला तर खंजिरीची थाप फाटते, टक् च्या जागी टटक्. आणि मागून म्हणणाऱ्या सात जणांना दुसऱ्यांदा बसवणं म्हणजे परत चहा, परत तंबाखू, परत कोणाचा तरी फोन वाजणार. १९६६ मध्ये लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओतल्या केन टाउनसेंड ह्या इंजिनिअरनं टेप मशीन वापरून एडीटी (आर्टिफिशियल डबल ट्रॅकिंग, म्हणजे मशीननं केलेलं डबल) काढलं ते असल्याच कटकटीपायी, गायकाला दोनदा गायचा कंटाळा. त्यात टेपचा वेग किंचित हलता ठेवल्यामुळे उशीर एका जागी ठरत नाही, म्हणून ते नुसत्या सरकवण्यापेक्षा जिवंत वाटते.

दुसरा टेक मिळणारच नसेल, जुनं रेकॉर्डिंग असेल किंवा गाणारा माणूस आता नसेल, तर मी हास सोडून डेन्मार्कच्या रेडिओतल्या लॉरिडसेनची १९५० च्या दशकातली युक्ती वापरतो. मूळ ट्रॅक मधोमध जसाच्या तसा. त्याची सरकवलेली कॉपी हळू आवाजात डावीकडे, आणि तीच कॉपी पोलॅरिटी उलटी करून, म्हणजे लाटेचा वरचा भाग खाली न खालचा वर करून, उजवीकडे, दोन्ही एकाच लेव्हलला. मोनोत आलं की ह्या दोन कॉप्या एकमेकींना पूर्ण मारतात न मूळ ट्रॅक साफ शिल्लक राहते. हेडफोनमध्ये ती रुंदी थोडी बनावट वाटते खरी, मला तरी वाटते, पण भोंग्यावर तक्रार येत नाही.

रीपरमध्ये मास्टरवर मोनोचं बटन आहे, मिक्स करताना दर थोड्या वेळानं ते दाबून बघायचं. मी हे आता करतो, तेव्हा केलं असतं तर काकांचं ऐकावं लागलं नसतं. त्या भजनाचा मिक्स परत केला, मुख्य आवाज मधोमध एकटा, मागून म्हणणाऱ्यांना दुसऱ्यांदा बसवलं आणि दुसऱ्या वेळी जागा बदलून बसवलं, म्हणजे माईकजवळचा माणूस दोन्ही टेकमध्ये तोच राहत नाही. पेटीला लॉरिडसेन. खंजिरीचा दुसरा टेक तेवढा अजून बाकी आहे, काकांच्या फीडरला ह्या आठवड्यात रात्रीची लाईन आहे न हरभऱ्याचं ओलित सुरू आहे.