महारवाड्यातले चर्च आणि 1950 चा आदेश

नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नेवासा, राहुरी, शेवगाव, श्रीरामपूर या पट्ट्यात जुन्या मंडळीचे, म्हणजे गावच्या ख्रिस्ती उपासक समुदायाचे, चर्च शोधायचे असेल, तर आधी जुना महारवाडा कुठे होता ते विचारावे. चर्च बहुधा तिथेच सापडते. ते गावठाणाच्या मध्यावर, पारापाशी किंवा चावडीसमोर क्वचितच दिसते. ही जागा कशी ठरली, यात या मंडळ्यांचा अर्धा इतिहास आहे. उरलेला अर्धा 10 ऑगस्ट 1950 रोजी निघालेल्या, अनुसूचित जाती ठरवणाऱ्या एका सरकारी आदेशात आहे, आणि तो अजून संपलेला नाही.

मुंबईला 1813 मध्ये आलेली अमेरिकन मिशन 1831 मध्ये नगरला पोचली. पहिली वीस-बावीस वर्षे काम मुख्यतः शहरात आणि शाळांतून चालले. इंग्रजी शाळेत वरच्या जातींची मुले येत, शिकत आणि निघून जात. त्यांतून बाप्तिस्मा घेणारे फार थोडे निघाले. 1839 मध्ये एका ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा झाला तेव्हा शहरात खळबळ माजली, पण त्याच्यामागून रांग लागली नाही.

1854 च्या अखेरीस मिशनच्या अमेरिकेतल्या मुख्य कचेरीचे सचिव स्वतः नगरला आले आणि धोरणच बदलले. इंग्रजी शाळा बंद करायची, शिक्षण मराठीतून द्यायचे. मिशनरींनी शहरात गर्दी न करता खेड्यांत जाऊन राहायचे. गावोगावी छोट्या मंडळ्या उभ्या करायच्या, त्यांवर इथलेच पाळक नेमायचे आणि मंडळीने आपला खर्च हळूहळू आपणच उचलायचा. त्याच सुमारास नगरला दोन मराठी माणसांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. या निर्णयातला पाळकांविषयीचा भाग द्रष्टेपणाचा होता असे मला वाटते. मराठी बोलणारा, इथल्याच घरात वाढलेला पाळक नसता, तर मिशनरी परत गेल्यावर या मंडळ्या टिकल्या नसत्या. इंग्रजी बंद करण्याचा भाग मात्र महागात पडला. नगरची मिशन शाळांसाठी पुढेही नावाजली गेली आणि 1947 मध्ये शहरात कॉलेजही निघाले. पण मधल्या काळात सरकारी नोकऱ्यांची भाषा इंग्रजी होती, आणि खेड्यातल्या ख्रिस्ती मुलाच्या हाती मराठी चौथीपुढचे शिक्षण सहसा आले नाही. तो शिक्षक झाला, पाळक झाला, बायबल विकणारा झाला. मामलेदार कचेरीत कारकून होणे त्याला अवघड गेले.

खेड्यांत गेल्यावर मिशनला जागा कोणी दिली? गावाने नव्हे. मिशनला दार उघडले ते महारवाड्याने, आणि काही गावांत मांगवाड्याने. मास्तर तिथे राहायला आला, शाळा तिथे भरली, रविवारी त्याच खोलीत उपासना झाली. पुढे त्याच जागेवर चर्च उभे राहिले. नेवासा तालुक्यातल्या वडाळ्यात एका मिशनरीने कित्येक वर्षे मुक्काम केला. शेती आणि पक्षी हे त्याच्या अभ्यासाचे विषय होते. आजूबाजूच्या कितीतरी मंडळ्या या एका ठाण्याशी जोडलेल्या होत्या. 1860 च्या दशकात ख्रिस्ती कीर्तन सुरू झाले, तेही याच परिसरात. टाळ, वीणा आणि आख्यान घेऊन सांगितलेला येशू खेड्यातल्या माणसाला परका वाटला नाही. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांचे अभंग आजही उपासनेत म्हटले जातात, त्याला ही आधीची मशागत कारण आहे.

जात चर्चच्या दारात थांबली, असे मात्र झाले नाही. महार आणि मांग ख्रिस्ती एकाच मंडळीत बसायला नाखूश असत. प्रभुभोजनाचा प्याला एक असावा की नाही, यावरून भांडणे झाली. लग्ने तर आपापल्या जातीतच होत राहिली. मिशनने तत्त्व म्हणून जात नाकारली, व्यवहारात ती पुरती मोडता आली नाही. हे इथे स्पष्ट लिहायला हवे, कारण पुढच्या सगळ्या वादाचा गाभा तोच आहे.

1876 ते 1878 च्या दुष्काळाविषयी फार बोलले जाते, म्हणून थोडक्यात लिहितो. दुष्काळी काम म्हणून दौंड-मनमाड रेल्वेचा रस्ता खोदायला याच भागातली हजारो माणसे गेली, आणि त्याच वर्षांत व त्यानंतर बाप्तिस्म्यांची मोठी लाट आली. याच दशकात इंग्लंडच्या चर्चची दुसरी मिशन नगरला आली. एकाच गावात दोन मंडळ्या झाल्या आणि दोन्ही मिशनमध्ये माणसांवरून कटुताही आली. शतकाच्या अखेरीस राहुरी तालुक्यात केंदळ-वळणच्या बाजूला कॅथलिक मिशनही रुजली. ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा तेव्हाचा. त्यात एक गोष्ट कायम वगळली जाते. ज्या वस्त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी मिशनचा मास्तर पंधरा-वीस वर्षे आधीपासून मुलांना अक्षरे शिकवत होता. भाकरी दुष्काळाने हिरावली होती हे खरे, पण पाटी त्याच्या कितीतरी आधी आली होती.

बाप्तिस्म्याने माणसाचे गावातले स्थान बदलले का? फारसे नाही. ख्रिस्ती झालेल्या महाराच्या नावावर वतनाची जमीन राहिली, कारण 1850 च्या कायद्याने धर्म बदलला म्हणून वारसा तुटत नव्हता. वतन राहिले तशी वतनाची कामेही राहिली. सरकारी डाक पोचवणे, मेलेले जनावर ओढणे, येसकराची पाळी, बलुत्यासाठी दारोदार जाणे हे ख्रिस्ती घरांतही चालू राहिले. गावच्या विहिरीवर त्याला वेगळा नियम लागला नाही. रविवारी ‘बंधू’ म्हणून हाक मारली जाणारा माणूस सोमवारी गावात जुन्याच नावाने ओळखला जाई. वतने कायद्याने संपली 1958 मध्ये. म्हणजे 1950 चा आदेश निघाला त्या दिवशी खेड्यातले कितीतरी ख्रिस्ती कुटुंब महार वतनदारच होते.

आता तो आदेश. राज्यघटना लागू झाल्यावर अनुसूचित जातींची यादी राष्ट्रपतींच्या आदेशाने जाहीर झाली. त्यातल्या तिसऱ्या परिच्छेदात म्हटले होते की हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. पंजाबातल्या काही शीख जातींचा अपवाद केला होता. यामागचा युक्तिवाद असा, की अस्पृश्यता ही हिंदू समाजाची व्याधी आहे आणि ख्रिस्ती धर्म जात मानत नाही, म्हणून ख्रिस्ती माणसाला त्या व्याधीची भरपाई नको. हा युक्तिवाद धर्मग्रंथ पाहून केलेला आहे. त्याने गावाचा नकाशा पाहिलेला नाही. चर्च महारवाड्यात आहे, महारवाडा गावकुसाबाहेर आहे आणि चर्चमधली माणसे त्याच वाड्यात राहतात. त्यांच्या घराकडे येणारी वाट, त्यांची विहीर, त्यांचे स्मशान यांतले काही बाप्तिस्म्याने हलले नाही. अनुसूचित जमातींच्या बाबतीत अशी धर्माची अट घातलेली नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे. नंदुरबारचा भिल्ल ख्रिस्ती झाला तरी कायद्याने आदिवासीच राहतो. नेवाशाचा महार ख्रिस्ती झाला की त्याची जात कागदावरून पुसली जाते.

1956 मध्ये सर्व दलित जातींच्या शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी नागपूरचे धर्मांतर झाले आणि नगरच्या खेड्यांत एकाच भावकीत दोन वाटा पडल्या. एक भाऊ बौद्ध, एक ख्रिस्ती. बौद्धांना महाराष्ट्राने राज्याच्या पातळीवर लवकरच सवलती दिल्या, आणि केंद्राने 1990 मध्ये तिसऱ्या परिच्छेदात त्यांचा समावेश केला. अनुसूचित जातींतून आलेल्या ख्रिस्ती लोकांना राज्याने इतर मागासवर्गाच्या यादीत ठेवले. त्यामुळे शिक्षण-नोकरीत थोडे काही मिळते. पण अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघ, त्यांच्यासाठी राखीव सरपंचपद आणि अॅट्रॉसिटीच्या कायद्याचे संरक्षण यांपासून ती माणसे बाहेर राहतात. एका आजोबांच्या नातवंडांपैकी एकाला जातीवरून शिवी दिली तर एक कायदा लागतो, दुसऱ्याला दिली तर दुसरा.

याचा मंडळीवर झालेला परिणाम खोल आहे. मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ लिहायचे आणि रविवारी उपासनेला बसायचे, असे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. काही घरांनी बाप्तिस्माच पुढे ढकलला. काहींनी मंडळीचे पंच म्हणून निवडून यायला नकार दिला, कारण चर्चच्या रजिस्टरमध्ये सही करावी लागते. जनगणनेतल्या ख्रिस्ती लोकसंख्येवरून या भागातल्या मंडळ्यांचा आकार मोजू नये, तो त्यामुळे चुकतो. या माणसांना खोटे म्हणणाऱ्यांनी आधी त्यांना खरे बोलण्याची काय किंमत मोजावी लागते ते पाहावे.

पुढच्या घडामोडी थोडक्यात. 1970 च्या 29 नोव्हेंबरला नागपूरमध्ये उत्तर भारतातल्या निरनिराळ्या प्रोटेस्टंट चर्चचे एकीकरण झाले आणि अमेरिकन व इंग्लिश मिशनच्या मंडळ्या एका छत्राखाली आल्या. गावातल्या दोन चर्चमधली जुनी तेढ तेव्हा कागदोपत्री तरी मिटली. त्याबरोबर मिशनच्या जमिनी, बंगले आणि शाळा यांची मालकी कोणाकडे, हा प्रश्न उभा राहिला आणि त्यात मंडळ्यांची पुष्कळ शक्ती खर्च झाली. प्रवरेच्या पाटपाण्यामुळे आणि उसामुळे श्रीरामपूरकडचा भाग बदलला. हरेगावची मतमाऊलीची यात्रा तिथेच मोठी झाली, आणि तिला ख्रिस्ती नसलेलेही मोठ्या संख्येने येतात.

आरक्षणाचा प्रश्न न्यायालयांत फिरत राहिला. 1985 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की धर्मांतरानंतरही सामाजिक अन्याय तितकाच तीव्र राहतो, हे आधी सिद्ध करा. 2004 पासून तिसऱ्या परिच्छेदाला आव्हान देणारी याचिका त्याच न्यायालयात आहे. 2007 मध्ये सादर झालेल्या एका राष्ट्रीय आयोगाच्या अहवालाने अनुसूचित जातींना धर्माची अट नको अशी शिफारस केली, पण सरकारने ती स्वीकारली नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये नवा त्रिसदस्य आयोग नेमला गेला. नोव्हेंबर 2024 मध्ये पुदुच्चेरीच्या एका महिलेचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. तिचा बाप्तिस्मा झालेला होता आणि ती नियमित चर्चला जात होती, हे त्यात तिच्याविरुद्ध गेले. 2025 मध्ये आंध्र प्रदेशात जातीवरून अपमान झाल्याची तक्रार करणाऱ्या पाळकाला अॅट्रॉसिटी कायदा लागू नाही, असे तिथल्या उच्च न्यायालयाने ठरवले.

या दोन निकालांमुळे बाप्तिस्म्याचे रजिस्टर हे मंडळीच्या दृष्टीने जोखमीचे कागद झाले आहेत. पण दीडशे वर्षांत कोण कोणत्या वाड्यातून आले, लग्ने कुठे झाली, हे ठरवायचे तर तीच रजिस्टरे मुख्य पुरावा ठरतात. 1985 च्या निकालाने जो पुरावा मागितला, त्याचा मोठा भाग नगरच्या खेड्यांतल्या पाळकांच्या कपाटांत आहे. ती कपाटे वाळवीपासून वाचवणे आणि त्यांतल्या नोंदींच्या प्रती काढून सुरक्षित ठेवणे, हे काम मंडळ्यांच्या पंचांनी आता हातात घ्यायला हवे.